खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचं पाणी बदलताना या चुका टाळा

दर आठवड्याला नेमाने दहा टक्के पाणी बदलूनही नायट्रेट (विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात साठणारा घटक) ५० पीपीएमवरून (लिटरला मिलिग्रॅम) हलत नाही, ही नेहमीची तक्रार. मग कधी मिठाचा ब्रँड बदलला जातो, कधी टेस्ट किट. पण इथे बिघडलेलं काहीच नसतं, हिशेबच तसा आहे.

समजा टँकमध्ये नायट्रेट आठवड्याला ५ पीपीएमने वाढतं. ५० वर असताना दहा टक्के पाणी बदललं की ४५ उरतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ५० होतं. जेवढं काढलं तेवढंच भरलं. त्याच टँकमध्ये दर आठवड्याला वीस टक्के बदललं तर आकडा २५ आणि २० यांच्यात येऊन थांबतो. त्यामुळे 'किती बदलायचं' हे विचारण्याआधी वाढ मोजा. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी एक टेस्ट, पुढच्या बदलाच्या आधी दुसरी. दोन्हींतल्या फरकाला बदलाच्या प्रमाणाने भागलं की टँक कुठे जाऊन थांबणार ते कळतं: ५ भागिले ०.१ म्हणजे ५०, ५ भागिले ०.२ म्हणजे २५.

नुसते मासे असतील तर २० ते ४० पीपीएम चालून जातं. कोरल (प्रवाळ) असतील तर ५ ते १५ बरं. आता ५ च्या वाढीवर १० गाठायचं तर दर आठवड्याला निम्मा टँक उपसावा लागेल, आणि तो वेडेपणा आहे. तिथे खाणं कमी करा, फ्रोझन खाद्य चाळणीत धुऊन द्या, स्किमरचा (फेसातून घाण काढणारं यंत्र) कप आणि मान पुसा, सम्पच्या (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) कोपऱ्यातला गाळ काढा. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकले असतील तर जास्त पाणी बदलणं हीच चूक. वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी, चिकट तार दिसू लागली की बहुधा ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) असतात, आणि ताज्या पाण्याने ते अनेकदा जोर धरतात.

दहा टक्के कशाचे, हेही पाहा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक कागदावर २५५ लिटरचा असतो. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. सम्प असेल तर त्यातलं पाणी वेगळं धरा.

टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) म्हणजे पाणी बदलणं नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. पंखा लावलेल्या २०० लिटरच्या टँकमधून उन्हाळ्यात रोज ३ लिटर उडत असेल आणि ती तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर आठवड्यात सुमारे ७३५ ग्रॅम मीठ जास्तीचं जातं. ३५ पीपीटीचा (हजार भागांत ३५ भाग मीठ) टँक ३८ च्या पुढे सरकतो. तूट भरायची ती गोड्या आरओ पाण्याने, आणि रोज.

चढलेला खारेपणा एका दिवसात उतरवू नका. ३८ वरून ३५ वर यायला या टँकमधून एकूण १६ लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओ पाणी घालावं लागतं. रोज ४ लिटर, चार दिवस.

स्वयंपाकघरातला आरओ

घरच्या प्युरिफायरचं पाणी बिनदिक्कत वापरलं जातं. त्यात दोन घोटाळे असतात. एक, चवीसाठी बसवलेला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अॅडजस्टर कच्चं पाणी परत मिसळतो किंवा मिनरल कार्ट्रिज क्षार घालतं. दुसरा जास्त गंभीर: तांब्याचं कार्ट्रिज. तांबं माणसाला चालेल, पण कोळंबी, गोगलगाय आणि कोरल यांना अगदी थोडंही विष ठरतं. पाणी आरओच्या मेंब्रेनच्या लगेच पुढून घ्या, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा आणि टीडीएस मीटर शून्य दाखवतो का ते पाहा. १ किंवा २ दिसायला लागलं की रेझिन बदलायची वेळ झाली. बोअरचं पाणी थेट वापरायचं नाही. किनाऱ्यावरून भरून आणलेलं पाणीही नको, पावसाळ्यात तर नकोच: खाडीजवळ खारेपणा घसरलेला असतो आणि सांडपाणी मिसळलेलं असतं.

मीठ मिसळताना

आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षणभर अतिदाट द्राव होतो, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप चालू ठेवून थोडं थोडं मीठ सोडा. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला पाऊण किलोच्या आसपास. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, मग तेवढ्याच वजनात मीठ कमी येतं. झाकण घट्ट बसणारा डबा वापरा आणि दरवेळी मोजूनच ठरवा. किती वेळ फिरवायचं ते पिशवीवर लिहिलेलं असतं. काही ब्रँड काही तासांतच वापरायला सांगतात. खाण्याचं आयोडीनयुक्त मीठ हा पर्याय नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं भिंगाचं साधन) शून्यावर जुळवला म्हणजे ३५ वर बरोबर असेलच असं नाही. ३५ पीपीटीच्या तयार द्रावावर जुळवा. खारेपणा मोजणाऱ्या काटेवाल्या हायड्रोमीटरच्या पात्याला बुडबुडा चिकटला तर आकडा खोटा चढतो.

नवं पाणी तापमानात एक अंशाच्या आत जुळू द्या. केएचही (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तपासा. टँकचा केएच ८ आणि नव्या पाण्याचा १२ असेल तर दहा टक्क्यांत तो ८.४ होतो, कुणाला कळतही नाही. पन्नास टक्के बदललं तर एका तासात १०, आणि एसपीएस (बारीक पॉलिपच्या, नाजूक) कोरलची टोकं जळून पांढरी पडतात.

प्रत्यक्ष बदलताना

ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) सगळ्यात आधी बंद करा. सम्पची पातळी उतरली की सेन्सरला पाणी उडाल्यासारखं वाटतं, तो गोडं पाणी सोडत राहतो आणि खारेपणा घसरतो. पाणी काढून संपेपर्यंत हे लक्षातही येत नाही. मग हीटर: गरम काच उघडी पडून तडकते, म्हणून पंधरा मिनिटं आधी बंद. त्यानंतर सम्पमधलं पाणी टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप. सम्पवर नेहमीच्या पातळीची टेपने खूण करून ठेवा.

सायफनने दरवेळी वाळूचा चौथा भागच साफ करा. वर्षानुवर्षं न हललेली जाड वाळू एकदम उपसली तर खालचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि मासे पृष्ठभागावर धापा टाकतात. त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. धुवायचाच तर काढलेल्या खाऱ्या पाण्यात.

अमोनिया चढला किंवा टँकमध्ये काही मरून सडलं, तर दहा टक्क्यांचा नियम बाजूला ठेवून ३० ते ५० टक्के बदला. मात्र पाणी खारेपणा, तापमान आणि पीएच जुळलेलं हवं. पीएच एकदम वर गेला तर निरुपद्रवी अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. म्हणून २०० लिटरच्या टँकसाठी निदान ६० लिटर तयार खारं पाणी झाकून, साठवता येणाऱ्या मिठाचं, कायम बाजूला असावं. ऐन रात्री मीठ विरघळायची वाट मासे पाहत नाहीत.