इंग्रजीतला ‘टॉक’ वापरताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला मी संभाषणाचे इंग्रजी शिकवतो. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडून एसटीने येणारी मुले, मार्केट यार्डातल्या पेढ्यांवरचे तरुण आणि मिरजेच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मुली असा माझा वर्ग असतो. ‘टॉक’ हा शब्द यांतल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून येतो आणि नेमका तोच शेवटच्या दिवसापर्यंत चुकतो. अवघड शब्द अडला तर माणूस कोश उघडतो, परंतु ‘टॉक म्हणजे बोलणे’ हे एकदा मनात बसले, की तो शब्द पुन्हा पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

सर्वांत जास्त कानावर पडणारी चूक म्हणजे ‘ही टॉक्ड मी दॅट’. याचे मूळ इंग्रजीच्या अज्ञानात कमी आणि आपल्याच मराठीच्या ढिलाईत अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत म्हणणे, सांगणे आणि बोलणे या तीन क्रिया वेगळ्या आहेत आणि इंग्रजीतले ‘से’, ‘टेल’ आणि ‘टॉक’ बहुतेक वेळा त्यांच्याच वाटेने चालतात. आपण ‘त्याला सांगितले’ म्हणतो, तेथे ‘टेल’ला लागूनच माणूस येतो आणि ‘आय टोल्ड हिम’ हे वाक्य होते. आपण ‘त्याच्याशी बोललो’ म्हणतो, तेथे ‘शी’ प्रत्ययाचे काम ‘टू’ करतो, म्हणून ‘आय टॉक्ड टू हिम’. ‘तो म्हणाला की’ असे असेल तेथे ‘से’ वापरावा आणि ऐकणाऱ्याचे नाव घालायचेच असेल तर त्या नावाच्या आधी ‘टू’ लावावा. गोंधळ होतो तो हल्ली सर्रास ऐकू येणाऱ्या ‘तो मला बोलला की उद्या ये’ या वाक्यामुळे. ज्याने मराठीतच ‘म्हणाला’ आणि ‘सांगितले’ हे दोन्ही शब्द सोडून दिले, त्याच्याकडे इंग्रजीत निवडायला काही उरत नाही. आमच्या भागातली एखादी आजी ‘त्यो म्हनला’ आणि ‘मी त्याला सांगितलं’ यांत कधीही गल्लत करत नाही. तिचे वाक्य मनात धरून इंग्रजी केले तर ते बरोबर येते, आणि मी वर्गात हाच व्यायाम करून घेतो: आधी आजीच्या मराठीत बोला, मग इंग्रजीत.

याच ‘बोलणे’ची दुसरी बाजू रागावण्याची आहे. ‘बाबा मला खूप बोलले’ हे वाक्य ऐकून बाबांनी प्रेमाने गप्पा मारल्या, असे कोणताही मराठी माणूस समजणार नाही. परंतु एका शिकाऊ परिचारिकेने परप्रांतातून आलेल्या डॉक्टरांना डोळ्यांत पाणी आणून ‘मेट्रन टॉक्ड टू मी व्हेरी मच’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी ‘दॅट्स व्हेरी काइंड ऑफ हर’ असे उत्तर दिले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. या अर्थासाठी ‘शी टोल्ड मी ऑफ’ म्हणावे. ‘शी गेव्ह मी अ टॉकिंग-टू’ असेही म्हणता येते, म्हणजे ‘टॉक’ला रागावण्याचा अर्थ अगदीच नाही असे नव्हे, मात्र तो या ठरलेल्या रूपातच मिळतो.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार पाहणारा एक तरुण माझ्याकडे येत असे. हुशार होता, पण घाईचा. मोबाइलवर दिवसाला दहा वाक्प्रचार पाठ करायचे आणि महिन्यात इंग्रजी संपवायचे, हा त्याचा बेत होता. पेढीने दुबईतल्या एका खरेदीदाराला राजापुरी हळदीचा नमुना पाठवला होता आणि भावावरून बरीच पत्रापत्री झाली होती. शेवटी त्या गृहस्थांनी एका ओळीचे उत्तर धाडले: ‘ऑल राइट, यू हॅव टॉक्ड मी इन्टू इट.’ आमच्या तरुणाने एकेक शब्द सोडवला. टॉक म्हणजे बोलणे, इन्टू म्हणजे आत. त्यावरून त्याने अर्थ लावला की ‘तुम्ही मला बोलण्यात गुंतवलेत’, म्हणजे समोरचा माणूस फसवणुकीचा आरोप करत आहे. मालकांना न विचारता त्याने तत्परतेने उत्तर लिहिले, की आमच्या बोलण्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, यापुढे आम्ही काही बोलणार नाही, आपण हवा तेवढा वेळ घ्यावा.

खरेदीदाराने सौद्याला होकार दिला होता. ‘ठीक आहे, पटवलेत तुम्ही मला’ एवढाच त्या ओळीचा अर्थ होता. होकाराला माफीचे उत्तर आल्यावर विक्रेता माघार घेत आहे, असे समजून तो गप्प बसला, आणि इकडे पेढीवर सर्व जण त्याच्या पत्राची वाट पाहत राहिले. मालकांनी अखेर तो कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी त्यांना प्रथम फोन लावायला सांगितला आणि अर्थ नंतर समजावला. सौदा झाला, परंतु मधल्या काळात यार्डात भाव चढले होते आणि खरेदीदार जुन्याच दरावर अडून बसला. वाढलेला फरक पेढीच्या अंगावर पडला.

‘टॉक समवन इन्टू’ म्हणजे बोलून एखादी गोष्ट गळी उतरवणे आणि ‘टॉक समवन आउट ऑफ’ म्हणजे बोलूनच तिच्यापासून परावृत्त करणे. ‘आउट ऑफ’चा अर्थ ‘बाहेर जाऊन चर्चा करणे’ असा लावणारेही मला भेटले आहेत. पहिल्या प्रयोगात ऐकणारा सुरुवातीला फारसा राजी नव्हता, ही छटा असते, मात्र लबाडीचा आरोप त्यात नसतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. वर मी ‘टॉक’नंतर माणूस आणायचा तर ‘टू’ हवा असे सांगितले. पण या दोन प्रयोगांत ‘टॉक’नंतर माणूस थेट येतो आणि त्याच्यापुढे ‘इन्टू’ किंवा ‘आउट ऑफ’ येऊन वाक्य पुरे करतो. पुढे क्रिया आली तर ती ‘इंग’ लावूनच येते: ‘शी टॉक्ड मी इन्टू सेलिंग द प्लॉट’. वाक्प्रचाराची पदे सुटी करून अर्थ लावू नये, एवढे तरी त्या तरुणाला हळदीने शिकवले असेल अशी आशा आहे. दिवसाला दहा वाक्प्रचारांचा उपक्रम त्याने सोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दहा वाक्प्रचार रोज पाठ होतात, हे मी नाकारत नाही. ते कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणायचे, हे पाठ होत नाही. गैरहजर माणसाची आठवण निघावी आणि तो दारात उभा राहावा, तेव्हा आपण ‘शंभर वर्षे आयुष्य आहे तुम्हाला’ असे म्हणतो. इंग्रजीत त्याच प्रसंगी ‘टॉक ऑफ द डेव्हिल’ म्हणतात, परंतु आपल्या वाक्यात आशीर्वाद आहे आणि त्यांच्या वाक्यात सैतान. बरोबरीच्या मित्राला ते चालते. साहेबांना किंवा होणाऱ्या सासऱ्यांना ते ऐकवू नये.

उलट दिशेने होणारी फसगतही आहे. मुलाखतीत समोरचा अधिकारी खुश होऊन ‘नाऊ यू आर टॉकिंग’ म्हणाला आणि उमेदवार आपण जास्त बोललो असे समजून गप्प झाला, असे माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडले आहे. याला मराठीत तंतोतंत जोड आहे: ‘आता कसं बोललात!’ ‘यू कॅन टॉक!’ हे मात्र कौतुक नव्हे. ‘तू कोण मला सांगणारा, तुझे तरी काय वेगळे आहे?’ असा त्याचा टोमणा असतो.

‘उद्या कळवतो’ या अर्थी ‘आय विल टॉक बॅक टू यू’ म्हणू नये. ‘टॉक बॅक’ म्हणजे वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देणे. येथे ‘गेट बॅक टू यू’ हवे.

अबोला असेल तर ‘नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’ म्हणावे, कारण ‘टॉकिंग टर्म्स’ हे केवळ आपल्याच देशात रुळलेले रूप आहे.

‘टॉक डाउन टू’ म्हणजे हळू आवाजात बोलणे नव्हे, तर समोरच्याला कमी लेखून बोलणे. ‘टॉक शॉप’ म्हणजे दुकानदारी नव्हे, तर चारचौघांत बसूनही आपल्याच धंद्याच्या गोष्टी काढणे, आणि या बाबतीत आमच्या यार्डातली मंडळी व आम्ही मास्तर लोक सारखेच आहोत.

आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर किंवा व्याख्यानमालेत होणाऱ्या भाषणाला ‘अ टॉक’ म्हणतात. सत्काराचे किंवा प्रचारसभेचे भाषण असेल, तर त्याला ‘स्पीच’ म्हणावे. अनेकवचनी ‘टॉक्स’ म्हणजे वाटाघाटी, आपण ‘बोलणी चालू आहेत’ म्हणतो त्या. लग्नाच्या बोलणीला मात्र हा शब्द लावला तर दोन देशांत तह होत असल्यासारखे वाटते. भारतात १९३१ साली पहिला बोलपट आला, तेव्हापासून चित्रपटगृहाच्या इमारतीलाच आपण ‘टॉकीज’ म्हणत आलो आहोत. इंग्रजीत ‘टॉकी’ हा बोलणारा चित्रपट असतो, इमारत नसते, म्हणून परदेशी पाहुण्याला ‘टॉकीजजवळ भेटू’ असे सांगू नये.

राहता राहिला फोन. आपण फोन उचलून ‘बोला’ म्हणतो आणि त्याचेच इंग्रजी करून ‘टेल मी’ म्हणतो, ते परक्या माणसाला दरडावल्यासारखे वाटू शकते. तेथे ‘हाउ कॅन आय हेल्प यू’ म्हणावे, आणि ओळखीचा माणूस असेल तर ‘येस, गो अहेड’ पुरते. समोरून आपलेच नाव विचारले गेले, तर ‘आय ॲम टॉकिंग’ असे न म्हणता नुसते ‘स्पीकिंग’ म्हणावे.