घरमालकाची पहिली भेट: जुना फ्लॅट विक्रीला घेताना

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर अशा भागांतल्या जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात सत्तरीचे काका-काकू, मुलगी बाणेरला, मुलगा अमेरिकेत. तीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आता विकायचं आहे आणि त्यांनी तुम्हाला एजंट म्हणून सकाळी अकराला बोलावलं आहे. तुमच्या आधी दोन एजंट येऊन गेले असतील, नंतर आणखी दोन येतील. घर कोणाच्या हाती द्यायचं हे या भेटीतच बरंचसं ठरतं. गोड बोलण्याचा त्यात वाटा थोडा असतो. हा माणूस तयारी करून आला आहे का आणि खरं बोलतो आहे का, हे मालक बघत असतात.

फोनवर

भेट फोनपासूनच सुरू होते. नाव, ऑफिस कुठे आहे आणि नंबर कोणाकडून मिळाला, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका. नंबर कुठून आला हे दडवलं की संशय तिथेच रुजतो. दुपारी एक ते चार फोन करू नका, भेटही त्या वेळेत मागू नका. भेटीला पाऊण तास लागेल हे आधीच सांगा. पितृपक्षात अनेक घरांत असे विषय काढत नाहीत, तेव्हा तारीख त्यांनाच ठरवू द्या.

फोनवरच एक प्रश्न विचारून ठेवा: "भेटीच्या वेळी घरातलं आणखी कोणी असावं असं तुम्हाला वाटतं का?" निर्णय बऱ्याचदा मुलीचा किंवा मुलाचा असतो. ती व्यक्ती हजर नसेल तर तुमचं सगळं बोलणं काकांच्या तोंडून अर्धवट पोचतं, आणि त्यात सगळ्यात आधी गळते ती किमतीमागची कारणं.

"माझ्याकडे पार्टी तयार आहे" हे वाक्य वापरू नका. प्रत्येक मालकाने ते दहा जणांकडून ऐकलेलं असतं. खरंच गिऱ्हाईक असेल तर बजेट किती, कर्ज मंजूर आहे का, ताबा कधी हवा, एवढा तपशील नाव न घेता सांगा. तपशील देता येत नसेल तर गिऱ्हाईक आहे असं म्हणूच नका.

आदल्या दिवशीचा अभ्यास

बहुतेक एजंट हेच टाळतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून त्याच इमारतीचे किंवा शेजारच्या सोसायट्यांचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या करारांचे उतारे, काढा. जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो. तीन ते पाच व्यवहार पुरेत. त्याच वेळी चालू वर्षाचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दरही बघून ठेवा, कारण त्याच्याखाली करार झाला तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या किमतीवरच लागतं.

इथली नेहमीची चूक क्षेत्रफळाची. एका करारात कार्पेट (भिंतींच्या आतलं) असतं, दुसऱ्यात बिल्टअप (भिंतींसकट), आणि मालकाच्या डोक्यात बिल्डरने सांगितलेलं सेलेबल (जिना, लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून). समजा इंडेक्स टूवर ६६.४ चौरस मीटर कार्पेट आहे. १०.७६४ ने गुणलं की साधारण ७१५ चौरस फूट येतात. मालक त्याच घराला हजार फूट म्हणतात, कारण कार्पेटवर ४० टक्के लोडिंग, म्हणजे भिंती आणि सामाईक जागेची वाढ, धरली की तेवढेच होतात. ते ८५ लाखांना विकलं तर हजारावर दर ८,५०० पडतो आणि ७१५ वर जवळपास ११,९००. एक दर सेलेबलचा आणि दुसरा कार्पेटचा घेऊन तुलना केली तर दोघेही प्रामाणिक असूनही भांडण होतं. म्हणून सगळे व्यवहार कार्पेटवर आणून एका कागदावर मांडा: महिना, मजला, कार्पेट, करारातली रक्कम, दर. अक्षर मोठं ठेवा, कारण वाचणारे सत्तरीचे आहेत. दोन प्रती न्या.

सोबत पाच मीटरचा टेप किंवा लेझर मीटर, वही, कार्ड आणि महारेरा नोंदणी प्रमाणपत्राची प्रत असू द्या. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, २०१६ चा; महारेरा हे त्याखालचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करणाऱ्या एजंटला नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आता प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. जुन्या सोसायटीच्या रिसेलमध्ये कोणी ते प्रमाणपत्र मागेलच असं नाही, तरी न मागता दाखवा.

गेटपासून दारापर्यंत

दहा मिनिटं आधी पोचा. पार्किंग, लिफ्ट, पाण्याची टाकी, गच्चीच्या गळतीचे डाग, सूचना फलक यांवर नजर टाका. रीडेव्हलपमेंटची नोटीस फलकावर असेल तर भेटीचा सूरच बदलतो. मालकाच्या आकड्यात नव्या फ्लॅटची आशा मिसळलेली असते आणि ठराव कुठल्या टप्प्यावर आहे हे विचारल्याशिवाय किमतीबद्दल काहीच बोलता येत नाही.

वॉचमनच्या वहीत भेटीच्या कारणापुढे "फ्लॅट विक्री" असं कधीही लिहू नका. "भेट" एवढंच पुरे. घर विकायचं आहे हे काकांनी शेजाऱ्यांना सांगितलेलं नसतं, कधी कधी सख्ख्या भावालाही नाही. वॉचमनकडून ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगमध्ये पोचते आणि दोष तुमच्यावर येतो. मायगेटसारख्या ॲपवर नोंद करतानाही हेच पाळा.

एकटे जा, फार तर दोघं. तिघं-चौघं दारात दिसले की घरच्यांना दडपण येतं. पहिल्याच भेटीला गिऱ्हाईक सोबत नेणं तर अजिबात नको. पसारा आवरलेला नसतो, किंमत ठरलेली नसते आणि मालकाला आपल्याला घेरल्यासारखं वाटतं.

कपडे इस्त्री केलेले, साधे. बूट पटकन काढता येतील असे आणि मोजे धड हवेत, कारण बूट दारातच काढायचे आहेत. अत्तर बेताचं लावा. फोन आवाज बंद करून खिशात ठेवा. टेबलावर उपडा ठेवलेला फोनही नजरेत राहतो.

आत गेल्यावर

आधी घरातल्या मोठ्यांना नमस्कार. सांगतील तिथे बसा. पाणी घ्या, चहा आला तर घ्या. नको असेल तर "अर्धा कप चालेल" म्हणा, कारण सरळ नकार अनेक घरांत टोचतो. काका-काकू म्हणायचं की साहेब-मॅडम हे त्यांच्या बोलण्यावरून ठरवा. समोरचा माणूस पन्नाशीचा आणि नोकरीत असेल तर "काका" त्याला आवडेलच असं नाही, तिथे आडनावापुढे साहेब लावलेलं बरं. काकूंना बोलण्यातून वगळू नका. करारात बऱ्याचदा त्यांचंही नाव असतं, आणि नसलं तरी त्यांचा शब्द चालतो.

पहिली पाच-सात मिनिटं त्यांना बोलू द्या. "का विकताय?" असं थेट विचारलं तर अडचणीचा वास काढल्यासारखं होतं. "पुढे कुठे राहायचा विचार आहे?" आणि "कधीपर्यंत जागा सोडता येईल?" या दोन प्रश्नांत कारण आपोआप येतं आणि घाई किती आहे तेही कळतं.

मग घर बघा. प्रत्येक खोलीआधी विचारा, कपाटं उघडू नका. देवघर किंवा स्वयंपाकघरात जाण्याआधी थांबा. कार्पेट स्वतः मोजा आणि आकडे मोठ्याने सांगत वहीत लिहा. हे मोजणं मालकाच्या लक्षात राहतं, कारण आधीच्या दोघांनी बहुधा ते केलेलं नसतं. भिंतीतली ओल, जुनं वायरिंग, बाथरूमची गळती दिसली तर टीका न करता विचारा: "हे वरच्या मजल्यावरून येतं का?" खोटं कौतुकही करू नका. हवा खेळती आहे, दक्षिणेला मोकळी जागा आहे, लिफ्ट नसली तरी मजला पहिला आहे, असं जे खरं आहे तेच बोला. या भेटीत फोटो काढू नका. ते परवानगी घेऊन, घर आवरल्यावर, वेगळ्या दिवशी.

कागद

पुन्हा बसल्यावर कागदांकडे वळा. "घर कोणाच्या नावावर आहे?" हा प्रश्न चौकशीसारखा वाटतो. "करारात नावं कोणाकोणाची आहेत?" असं विचारलं की उत्तर सहज येतं. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), मालमत्ता कर आणि मेंटेनन्सची शेवटची पावती, एवढं विचारा. कर्ज शिल्लक असेल तर मूळ करार बँकेत असतो आणि बाकी रकमेचं पत्र बँकेकडून मागवावं लागतं.

करारातली एखादी व्यक्ती वारलेली असेल तर तिथे थांबून, हळू आवाजात बोला. पण मुद्दा टाळू नका. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं म्हणजे तो एकटा मालक झाला असं नसतं. मृत्युपत्र नसेल तर बाकी वारसांचं हक्कसोडपत्र किंवा सह्या लागतात. हे पहिल्या भेटीत निघालं नाही तर विसार (आगाऊ रक्कम) घेतल्यानंतर खरेदीदाराचा वकील काढतो आणि व्यवहार मोडतो.

मुलगा परदेशात असून सहमालक असेल तर दोन गोष्टी लगेच सांगा. सहीसाठी तो येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात करून आणावं लागतं आणि ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागतो. दुसरं म्हणजे, ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, पण अनिवासी विक्रेत्याच्या हिश्शावर कपात पुष्कळ जास्त असते. ती कमी करून घ्यायची तर प्राप्तिकर खात्याचं प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून सीएंना आत्ताच भेटायला सांगा.

मूळ कागद ताब्यात घेऊ नका, ते दिले तरी परत करा. किल्ली, आधार कार्डाचा फोटो, कुठलीही सही यांतलं काहीही पहिल्या दिवशी मागू नका.

"किती येतील?"

हा प्रश्न खरं तर चहा यायच्या आधीच येतो. तेव्हा उत्तर एकच: "घर बघतो, मोजतो आणि मग कागदावर दाखवतो." आता तो कागद काढा. काय विकलं गेलं ते दाखवा आणि मग किमतीचा पट्टा सांगा, समजा ८२ ते ८६ लाख. दोन टोकांत पाच टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर त्याला अंदाज म्हणता येत नाही.

मालकाच्या मनातला आकडा बहुधा पोर्टलवरच्या जाहिरातींतून आलेला असतो. त्या मागितलेल्या किमती आहेत, मिळालेल्या नाहीत. हा फरक इंडेक्स टू समोर ठेवला की वाद न घालता कळतो. घर हातातून जाईल या भीतीने एक कोटी सांगणारा एजंट त्या दिवशी जिंकतो. मग तीन महिने घर पडून राहतं, भाव दोनदा उतरतो आणि बघायला येणारे "याच्यात काय खोट आहे?" असं विचारू लागतात. नुकसान काकांचं होतं, आणि ते ज्यासाठी घर विकत होते तो नव्या जागेचा सौदाही हातातून जातो. आकडा कमी सांगितल्यामुळे घर मिळालं नाही तरी चालेल, पण फुगवून सांगू नका.

"थोडे रोख चालतील का?" असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. रोख घेणारे काकाच असतील, हे त्यांना समजावून सांगा.

ब्रोकरेज त्यांनी विचारण्याआधी तुम्ही सांगा: किती टक्के, कुठल्या रकमेवर, जीएसटी आहे का, आणि पैसे कधी द्यायचे, साठेखताला (विक्री ठरल्याच्या कराराला) की खरेदीखताला (मालकी देणाऱ्या अंतिम दस्ताला). खरेदीदाराकडूनही घेणार असाल तर तेही. सोसायटीच्या हस्तांतर शुल्काला महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची मर्यादा आहे, हेही सांगून ठेवा. कमिटीने जास्त मागितले तर त्यांना बोलता येईल.

निघताना आणि नंतर

पाऊण तास झाला की उठा. त्याच संध्याकाळी एक साधा निरोप पाठवा:

"नमस्कार काका. आज भेटून बरं वाटलं. मोजलेलं कार्पेट ७१५ चौ. फूट. बोलल्याप्रमाणे अंदाजे पट्टा ८२ ते ८६ लाख. ब्रोकरेज एक टक्का, खरेदीखताच्या दिवशी. शेअर सर्टिफिकेटची प्रत आणि बँकेचं पत्र तुमच्याकडून बघायचं आहे. रविवारी ताईंशी बोलून कळवा, तोवर मी फोन करणार नाही."

शेवटचं वाक्य पाळा. "घरात विचारून सांगतो" याचा अर्थ दर वेळी नकार नसतो. मुलगी रविवारी येणार असेल तर तिच्यासमोर तोच कागद घेऊन पुन्हा यायची तयारी दाखवा. सोमवारी एकच फोन करा. दुसऱ्या कोणाला घर दिलं असेल तर शुभेच्छा द्या आणि कागदाची प्रत त्यांच्याकडेच राहू द्या. घर पडून राहिलं तर दोन-तीन महिन्यांनी काका तो कागद पुन्हा काढतात आणि त्यावर तुमचा नंबर असतो.