तिखट ही चवच नाही! नाक, जीभ, त्वचा आणि तोल घरच्या घरी कसे पारखावे

कोल्हापुरात हे मोठ्यानं बोलायला जरा धाडस लागतं, पण तिखट ही चव नाही. जिभेवरच्या चवीच्या पेशी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूमसारखी भरीव चव) एवढंच ओळखतात. मिरचीची दाद त्यांच्याकडे लागतच नाही. ती थेट वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या मज्जातंतूंकडे जाते. पटत नसेल तर रविवारी सकाळी कुणाला तरी मिसळ आणायला पिटाळा आणि ती येईपर्यंत पुढची तयारी करून ठेवा.

सामान घरातलंच आहे: गूळ, साखर, मीठ, कांदा-लसूण मसाला, वाटीभर दही, एक हरभरा, दोन टूथपिक, गोल फिरणारी खुर्ची. शिवाय ज्याच्यावर प्रयोग करायचे असा एक घरचा माणूस. आमच्याकडे हा मान पुतण्याला मिळतो, कारण मिसळीच्या आशेवर तो काहीही सहन करतो.

सुरुवात नाकापासून

दोन वाट्यांत कोमट पाणी घ्या. एकीत गूळ विरघळवा, दुसरीत साखर, गोडी साधारण सारखी ठेवा. (नुसता खडा दिला तर दाताखाली येताच ओळखतात, म्हणून पाणी.) आता समोरच्याचे डोळे बांधा, नाक चिमटीत धरायला लावा आणि एकेक चमचा पाजा. बहुतेकांना दोन्ही नुसतंच गोड लागतं. गुळाचं पाणी फार तर किंचित खारट वाटेल. घोट गिळून झाला की नाक सोडायला सांगा. श्वास बाहेर पडला की त्याच क्षणी गूळ ‘येतो’, अगदी काहिलीशेजारी उभं असल्यासारखा.

घडतं असं की घशाच्या मागच्या बाजूनं वास वर नाकात चढतो. नाकपोकळीच्या छताला वासाच्या पेशी असतात आणि त्यांच्यात सुमारे ४०० प्रकारचे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून निरोप धाडणारी प्रथिनं असतात. एक वास अनेक ग्राहींना कमीजास्त चेतवतो आणि त्या जुळणीवरून मेंदू ‘गूळ’ म्हणतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं. सर्दीत आपण ‘तोंडाला चव नाही’ म्हणतो तेव्हा तोंड बिचारं धडधाकट असतं, बंद पडलेलं असतं नाक.

आणखी एक गोष्ट गुऱ्हाळावर गेलात तर करून बघा. शिरताना घमघमाट येतो, थोड्या वेळानं काहीच जाणवत नाही. बाहेर उसाच्या फडाकडे चक्कर मारून परत या, वास पुन्हा हजर. सतत तेच तेच सांगणारी बातमी मेंदू कानाआड करतो.

जिभेचा नकाशा पुसा

टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असं चित्र अनेकांनी शाळेत काढलं असेल. मिठाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून टोकाला, कडेला आणि मागे लावून बघा. खारट सगळीकडे कळतं. १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकाला जिभेच्या भागांमध्ये अगदी बारीक फरक आढळले होते, पुढच्या लोकांनी ते ताणून नकाशा केला.

आता मिरची

खालच्या ओठावर बाहेरच्या बाजूनं साखरेचं पाणी लावा. जीभ फिरवायची नाही. काही कळणार नाही, तिथं चवीच्या पेशी नाहीत. ते पुसून तेलात कालवलेला चिमूटभर कांदा-लसूण मसाला लावा आणि मिनिटभर थांबा. ओठ चुरचुरू लागेल. मिरच्या कापलेलं बोट चुकून डोळ्याला लागलं की हेच होतं, आणि डोळ्याला काही चव कळत नाही. (प्रयोगानंतर हात साबणानं धुवा. पुतण्या विसरला होता.)

मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला चिकटतं. हाच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णतेनंही उघडतो. म्हणजे मेंदूला खरोखरच ‘भाजतंय’ असा निरोप जातो. घाम फुटतो, नाक वाहतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हा ग्राही ओळखला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

मिसळ आली असेल तर तिचा कट दोन वाट्यांत घ्या. एक गरम, एक गार. मिरची तेवढीच, पण गरम कट जास्त झोंबतो, कारण एकाच दारावर दोघं धडका देतात. मग तोंड भाजल्यावर आधी पाणी पिऊन बघा, नंतर दही खा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं आणि दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला ओढून नेतं. तांबड्या रश्श्यानंतर नारळाच्या दुधाचा पांढरा ओरपल्यावर जिवात जीव येतो, तो काही नुसता मनाचा खेळ नसावा.

आयुर्वेदाच्या षड्रसांत तिखट आहेच, त्याला तिथं कटु म्हणतात; आपल्या कडूला तिक्त. सहावा कषाय, म्हणजे तुरट. कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आवळतं ना, ते. आजच्या शरीरशास्त्राच्या हिशेबानं कटु आणि कषाय मुख्यतः स्पर्शाच्या खात्यात जातात. पण जेवणाऱ्यानं खाती कशाला तपासायची? घासात सगळं एकत्रच येतं.

त्वचेची गंमत

हे झटकन होतं. दोन टूथपिक अर्ध्या सेंटीमीटरवर धरून बोटाच्या टोकाला अलगद टेकवा, दोन टोकं कळतात. तेवढ्याच अंतरानं पाठीवर टेकवा, एकच वाटतं. बोटावर २-३ मिलिमीटर अंतरही कळतं, पाठीला चारेक सेंटीमीटर लागतात.

मग मधलं बोट तर्जनीवर चढवा, डोळे मिटा आणि दोन्ही टोकांच्या बेचक्यात हरभरा फिरवा. दोन हरभरे वाटतील. बोटांच्या या बाहेरच्या कडांना एरवी एकच वस्तू लागत नाही, म्हणून मेंदू दोन मोजतो. ॲरिस्टॉटलनंही ही फसगत नोंदवून ठेवली आहे.

तोल आणि हालचाल

डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. लागली? हात कुठं आहे हे स्नायूंमधल्या ताण मोजणाऱ्या तंतूंनी सांगितलं. तालमीत तांबड्या मातीत डोकं खाली दाबलेलं असताना पैलवान समोरच्याचा पाय कुठं आहे हे हाताच्या पकडीवरून ओळखतो, तेव्हा याच जाणिवेवर त्याची भिस्त असते. आता एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. डुलायला होईल. वयस्कांनी हा आणि पुढचा प्रयोग करू नये, बाकीच्यांनी भिंतीजवळ उभं राहावं.

पुढं खुर्ची. डोळे मिटून बसलेल्याला एकाच वेगानं अर्धा मिनिट फिरवा. थोड्या वेळानं तो म्हणेल, ‘हळू झाली’. थांबवल्यावर म्हणेल, ‘उलटी फिरतेय’. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि केसासारखे तंतू वाकवतो. वेग स्थिर झाला की द्रवही बरोबर फिरू लागतो, आणि थांबल्यावर तोच पुढं सरकत राहतो. याच कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे आहेत, खाली कुठं आणि पुढं कुठं ते तेच सांगतात.

गगनबावड्याकडून कोकणात उतरताना मोबाईल बघणाऱ्याला गाडी लागते ती यामुळंच. कान म्हणतो वळतोय, डोळे म्हणतात स्थिर आहोत, आणि भोगतं पोट. मोबाईल खिशात घाला, पुढची सीट मागून घ्या आणि लांबच्या डोंगराकडे बघत राहा. मिसळ मात्र घाट उतरल्यावर.