थंडीत माउंटन बायकिंगसाठी पँट घेताना काय बघायचं

थंडीची पँट घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी कापड चिमटीत धरून बघतात आणि सगळ्यात जाड असेल ती उचलतात. चालायला, बसायला ठीक आहे, पण सायकलवर ती त्रासच देते. चढावर तुम्ही घामाघूम होता, मग उतार लागला की पाय फारसे चालत नाहीत, वारा मात्र जोरात लागतो आणि तोच घाम बर्फासारखा गार पडतो. म्हणून माझ्या मते ऊब नंतर बघा, आधी घाम बाहेर जातोय का आणि समोरून वारा अडतोय का ते बघा.

हवा कोरडी आणि 10 डिग्रीच्या वर असेल तर बिनअस्तराची पातळ ट्रेल पँट (ट्रेल म्हणजे डोंगरातली कच्ची वाट, त्यासाठीची सायकलिंग पँट) पुरते. तापमान 10 च्या खाली असेल तर सॉफ्टशेल घ्या, म्हणजे मऊ, ताणलं जाणारं आणि वारा बराचसा अडवणारं कापड, त्यातही मांडी-गुडघ्यावर वारा अडवणारं कापड आणि मागे पातळ, हवा जाणारं कापड अशी असेल तर फारच छान. शून्याखाली लोक आतून फ्लीसचं अस्तर असलेली पँट घेतात, मी तरी त्याच सॉफ्टशेलच्या आत मेरिनो लोकरीची टाइट्स घाला म्हणेन, कारण ऊन पडलं तर ती काढून बॅगेत टाकता येते, अस्तर काढता येत नाही. आत कॉटन मात्र अजिबात नको, ते घाम शोषून ओलं राहतं.

सगळ्यात वाईट हवा म्हणजे शून्याच्या जरा वर आणि वरून पाऊस किंवा चिखल. तिथे वॉटरप्रूफ लागतेच. लेबलवर 10,000 किंवा 20,000 मिमी लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्याचा तेवढा उंच स्तंभ पेलेपर्यंत कापडातून पाणी झिरपत नाही, जास्त आकडा जास्त चांगला, पण शिवणींवर आतून टेप नसेल तर पाणी तिथूनच शिरतं. आणि वॉटरप्रूफ कापड कितीही भारी असलं तरी घाम कोंडतोच, त्यामुळे मांडीवर हवेसाठी उघडता येणारी चेन (झिप) असलेली बघा. पाऊस नसून फक्त ट्रेल ओला असेल तर पाणी मुख्यतः मागच्या टायरवरून उडतं, मग फक्त बसायचा भाग वॉटरप्रूफ असलेली पँट बास होते, शिवाय मडगार्ड लावा.

ट्रायल घेताना आरशासमोर सरळ उभं राहून काही कळत नाही. नी-पॅड घालून जा, पॅडवाली आतली शॉर्ट्स पण घाला, आणि सायकलवर बसल्यासारखं वाकून गुडघा छातीकडे आणा. गुडघ्यावर ओढ बसते का, मागून कंबर उघडी पडते का, सीटवर टेकतो तिथे जाड शिवण येते का, हे तेव्हाच कळतं. घोट्याशी पँट निमुळती हवी नाहीतर चेनरिंगमध्ये (पेडलजवळच्या दातेरी चकतीत) अडकते, पण इतकीही घट्ट नको की बूट घालून काढताच येणार नाही. लांबी बसूनच बघा, गुडघा वाकला की पँट वर सरकते आणि मोज्याच्या वरची पट्टी उघडी राहिली तर तिथेच गारठतं.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्याने पाणी झटकणारा थर निकामी होतो. पाण्याचे थेंब कापडावरून घरंगळायचे बंद झाले की आधी नीट धुवा, लेबलवर चालत असेल तर ड्रायरमध्ये कमी आचेवर फिरवा, तरीही पाणी मुरत असेल तर मगच वरून पाणी झटकणारा स्प्रे मारा.