आजोबांच्या पेटीतला युद्धनकाशा कुठला, हे कसं ओळखायचं

आजोबांच्या पेटीत दुसऱ्या महायुद्धातला, हाताने उतरवलेला नकाशा सापडला, तर आधी दोन्ही बाजू स्कॅन करा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. नेरूळ स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला आग्रह करेल, त्याला हात जोडा.

मी सिडकोत आरेखक होतो, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर जाते. टेकडीपाशी लिहिलेली उंची मीटरमध्ये की फुटांत? इटलीत दोस्त फौजांचे नकाशे इटालियन मूळ नकाशांवरून केलेले, म्हणून मीटर. ब्रह्मदेशाचे सर्व्हे ऑफ इंडियाचे, तिथे फूट. हाताने उतरवणारा शिपाई आकडा सहसा तसाच उचलतो. मग नावं बघा: मॉन्ते (डोंगर), फिउमे (नदी) असेल तर इटली, चाउंग (ओढा) असेल तर ब्रह्मदेश, वाडी, बीर (विहीर) असेल तर उत्तर आफ्रिका. (वाडी म्हणजे कोरडा ओढा. सावंतवाडी शोधत बसू नका!) आमचे काका छातीठोकपणे ब्रह्मदेश म्हणायचे; कागदावर 'फिउमे' निघालं.

नकाशावर इंग्रजी आद्याक्षरंही दिसतील: आर.ए.पी. म्हणजे पलटणीचं प्रथमोपचार ठाणं, ओ.पी. म्हणजे टेहळणीची जागा. लाल-निळ्या रंगांवरून शत्रू कोण ते ठरवू नका. पहिल्या महायुद्धात १९१८ साली ब्रिटिशांनी हे रंग चक्क उलटे केले होते.

तारीख नसेल तर पदकं काढा. इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातल्या सेवेसाठी आहे. नदीचं वळण उपग्रह नकाशावर जुळवा, पण उत्तर दिशा वरच असेल असं धरू नका. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतील, तर पलटणीचा क्रमांक आणि स्कॅन घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहा. मूळ कागद पाठवू नका.