कुत्र्याच्या विम्याचा क्लेम कसा करावा: सुरुवात दवाखान्यातच होते

गेल्या अनंत चतुर्दशीला, निम्मं इंदूर झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला रस्त्यावर असताना, आमच्या ब्रूनोला 105 ताप भरला. पावसाळ्यानंतर येतो तो गोचीड ताप. प्लेटलेट घसरल्या होत्या. तीन दिवस सलाईन चाललं आणि पुढे 28 दिवस गोळ्या. पोरगं बरं झालं. विम्याचे पैसे मात्र दोन महिने अडकले, आणि तेही केसपेपरवरच्या एका ओळीमुळे.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" आई आधीच घाबरलेली. ती म्हणाली, "बरेच दिवस झाले हो, नीट जेवतच नाही." डॉक्टरांनी लिहिलं, 'जुना त्रास'. पॉलिसी घेऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. कंपनीने विचारलं, हा आजार पॉलिसीच्या आधीचा आहे का? खरं तर ब्रूनोने दोनच दिवस अन्न सोडलं होतं. शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर खुलासा दिला: लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली, रक्ताचा रिपोर्ट कधीचा, त्याआधी लसीला आणलं तेव्हा वजन किती होतं. त्या एका कागदाने क्लेम सुटला.

म्हणून मी सगळ्यांना आधी हेच सांगते: डॉक्टरांना तारीख सांगा. 'परवा संध्याकाळपासून', 'सोमवारी सकाळी दोन उलट्या'. खरं तेच आणि मोजकं. निघण्याआधी केसपेपर तिथेच वाचून घ्या, काही चुकलं असेल तर त्याच वेळी दुरुस्त करून सही-शिक्का घ्या.

आधी पॉलिसी उघडा

आजारपण येण्याआधीच चार गोष्टींखाली पेनाने रेघ मारून ठेवा: प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर क्लेम चालत नाही ते सुरुवातीचे दिवस) किती, काय वगळलंय, किती तासांत कळवायचं आणि आपला वाटा किती. काही पॉलिसी फक्त मृत्यूचं कव्हर देतात, उपचाराचा खर्च त्यात नसतोच. हे दवाखान्याच्या दारात कळलं तर फार वाईट वाटतं. लसींचं कार्डही तेव्हाच तपासा. ज्या रोगाची लस मिळते, ती दिलेली नसताना पार्व्हो किंवा डिस्टेंपर झाला, तर क्लेम नाकारला जाण्याची शक्यता मोठी. रेबीजची लस दरवर्षी, तारीख न चुकवता.

कळवणं

दाखल केल्याबरोबर कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर कळवा. इतर कागद मागाहून दिले तरी चालतात, कळवणं मात्र लांबवू नका. ब्रूनोला सलाईन लावत होते, तेव्हाच मी बाकावर बसून फोन केला होता. क्लेम नंबर मिळेल तो लिहून घ्या आणि त्याच दिवशी एक मेलही टाका, म्हणजे वेळेचा पुरावा आपल्या हातात राहतो. ऑपरेशन आधी ठरलेलं असेल तर ते होण्यापूर्वीच विचारून घ्या.

बिल कसं मागावं

इथे बहुतेकांचे पैसे जातात. काउंटरवर छोट्या चिठ्ठीवर 'ट्रीटमेंट 4,500' असं लिहून मिळतं, आपण यूपीआय करतो आणि स्क्रीनशॉट जपून ठेवतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा. कशाचे दिले, ते त्यावरून कळत नाही. बिलावर नंबर, तारीख, मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव आणि जात हवी. तपासणी फी, सलाईन, इंजेक्शन, रक्ततपासणी यांची रक्कम वेगवेगळ्या ओळींत हवी. केसपेपरवर डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहिजेच. औषधं बाहेरच्या दुकानातून आणली, तर त्या बिलासोबत तीच औषधं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. बिल कितीही चोख असलं तरी सोबत चिठ्ठी नसेल तर ते बाद होतं.

नाव सगळीकडे एकच ठेवा. पॉलिसीत 'ब्रूनो', दवाखान्याच्या नोंदवहीत 'बंटी' आणि फाइल मुलाच्या नावावर, असं असेल तर कंपनीला तो तोच कुत्रा वाटणार कसा? मायक्रोचिप हा यावरचा सर्वांत सरळ उपाय. खांद्यांच्या मधे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, तिचा 15 आकडी नंबर असतो. पॉलिसीत हा नंबर असेल तर प्रत्येक केसपेपरवर तो लिहून घ्या. चिप नसेल तर समोरून, दोन्ही बाजूंनी आणि अंगावरच्या खुणांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा.

कागद पाठवणं

क्लेम फॉर्ममधला एक भाग आपण भरायचा असतो, एक बहुधा डॉक्टरांनी. डॉक्टर गडबडीत असतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच तो भरून घ्या. सोबत केसपेपर, बिलं, रिपोर्ट, लसीचं कार्ड, ओळखपत्र, पॅन आणि रद्द केलेला चेक. मूळ कागद देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा. कंपनीची शंका आली की उत्तर मेलवरच द्या, फोनवर झालेल्या बोलण्याची नोंद आपल्याकडे राहत नाही.

हाती किती येतं

आमचं बिल 14,600 रुपये झालं. त्यातून 900 चं टॉनिक आणि 700 चं गोचीड मारायचं औषध आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं. राहिले 13,000. त्यावर आपला वाटा 10 टक्के, म्हणजे 1,300. खात्यात 11,700 आले. हा हिशोब आधीच मांडला की आलेली रक्कम बरोबर आहे का, ते लगेच कळतं. कमी आली तर कोणत्या ओळीचे पैसे कापले ते लेखी मागा, तो आपला हक्क आहे.

मृत्यूच्या क्लेमबद्दल लिहिताना हात जड होतो, पण सांगायला हवं. त्या दुःखात आपण घाईने पुरून टाकतो. त्याआधी कंपनीला कळवा, पोस्टमॉर्टेम हवं का विचारा, चिपसह फोटो काढा आणि डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्या.

नाकारला तर

नकार लेखी घ्या, त्यात पॉलिसीतलं नेमकं कलम दाखवलेलं असावं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथे काम झालं नाही तर विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा 155255 हा नंबर. त्यानंतर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतल्या वादाचा निवाडा करणारा अधिकारी. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. माझी बहीण बडोद्याला असते, तिच्यासाठी अहमदाबादचं.