खोकला लांबला आणि मानेत अवधाण (सुजलेली गाठ) आलं, तर

फुफ्फुसात जंतू शिरले की तिथल्या पेशी त्यांचे तुकडे उचलून फुफ्फुसाच्या देठाजवळच्या लसिका ग्रंथींत, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या लहान गाठींत, नेतात. जंतू ओळखणाऱ्या लिम्फोसाइट पेशी तिथे काही दिवसांत भराभर वाढतात, म्हणून ग्रंथी सुजते. पण ही सूज छातीच्या आत असते. हाताला लागत नाही, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरच दिसते. साध्या न्यूमोनियात मानेत गाठी सहसा येत नाहीत. मग खोकल्यासोबत मानेत गाठ लागली तर आधी घसा, दात आणि डोक्यातल्या पुळ्या पाहा. तिथे काही नसेल, तर क्षयाचा विचार व्हायलाच हवा.

गाठ बघताना ताठ बसा, हनुवटी किंचित खाली, मान सैल. तीन बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवत जबड्याखालून मानेच्या कडेने खाली या. शेवटी गळपट्टीच्या हाडावरचा खळगा चाचपा. तिथली गाठ कितीही लहान असली तरी डॉक्टरांना दाखवा. चिमटीत धरून दाबू नका, स्नायूच गाठीसारखा लागतो. हरभऱ्याएवढी, मऊ, सरकणारी, दुखणारी गाठ बहुधा घशाच्या संसर्गाची असते आणि दोन-चार आठवड्यांत ओसरते. 1 सेंमीपेक्षा मोठी, न दुखणारी, एकमेकींना चिकटलेल्या गाठींचा पुंजका दोन आठवडे टिकला, तर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन घटणं असेल, तरीही तेच. पुण्यात महापालिकेच्या दवाखान्यांत आणि ससूनमध्ये थुंकीची तपासणी मोफत होते.

तोवर केमिस्टकडून लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून घेऊ नका. ते क्षयाच्या जंतूंनाही थोडं दाबतं. बरं वाटतं आणि निदान लांबतं.

गाठीत सुई घालून नमुना काढतात, तेव्हा नेमकी चूक होते: सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) टाकला जातो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होतच नाही. त्यामुळे सुई लावण्याआधीच सांगा, एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी.

क्षय निघाला तर औषधं साधारण सहा महिने. मध्येच गाठ मोठी झाली किंवा नवी आली, तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. औषध लागू पडत असतानाही, मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळल्यामुळे असं होतं. डॉक्टरांना दाखवा, एवढंच. गाठ मऊ होऊन पू झाला तर शेकू नका, फोडू नका. बाजूच्या निरोगी कातडीतून सुईने पू ओढतात. थेट गाठीवर चीर दिली, तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते.